लाथ मारीन तिथे

टॉडमर्डन गावी पाऊस पडतो
रविवार धरून आठही दिवस.
मैदान आमचं तिरकं, उतरतं,
कालव्याला भारी चेंडूंची हौस.

संघाचं नाव 'बेडूक इलेव्हन',
हरलेले सामने सतरा की अठरा.
ताई खेळते डाव्या बाजूला,
मी राखीव. म्हणजे बाटल्या नि कचरा.

शाल्मली टिपणीस. वय वर्षं दहा.
ढोपरं कायम सोललेली दोन.
बाबा उगीचच कौतुकापोटी
सांगलीला लावायचे फोन:
"आमची पोर ना, लाथ मारील तिथे पाणी काढील!"

एका मंगळवारी खरंच निघालं.

पेनल्टी होती. ताईने धावत
डावा पाय असा काही हाणला,
चेंडू तर गेलाच जाळीत थेट,
पण जमिनीतून फवारा आला!
रेफरीच्या शिट्टीत शिरलं पाणी,
वाजायची सोडून गुळगुळ केली.
हेब्डन ब्रिजच्या गोलकीपरची
टोपी तरंगत कुठच्या कुठे गेली.

मग काय, ताई सुपरहिरोच झाली!
पोहण्याचा चष्मा, जांभळा टॉवेल,
छातीवर मोठ्ठा 'ला', लाथेचा 'ला'.
आईचा प्रश्न: "हा टॉवेल कोण धुवेल?"

पण सांगा, जिथे आभाळच गळतं
तिथे या शक्तीचा उपयोग काय?
ओल्डरॉइड सर छत्रीखालून
म्हणाले, "बाळ, जरा आवर पाय."
कारण गोल एक, डबकी अकरा.
हरत तर आम्ही आधीही होतो,
आता मोजे पिळत हरायला लागलो.

जुलैत मात्र अघटित घडलं.
पाऊसच नाही! एकही सर!
बदकं कालव्यात चालत निघाली,
आणि पाटी लागली खांबावर:
'बागेला नळीने पाणी घालू नये. हुकमावरून.'

ओल्डरॉइड सरांची लीकची रोपं
(लीक म्हणजे कांद्याचा उंच मामा)
प्रदर्शनात दरसाल दुसरी येतात.
यंदा त्यांचा झाला होता पायजमा,
दोरीवर वाळत घातलेला.
सर काही रडत नाहीत.
त्यांच्या नाकाला पाणी येतं.
गावात तेवढंच पाणी उरलं होतं.

ताईने चष्मा डोळ्यांवर ओढला.
वाफ्याच्या कडेला चेंडू ठेवला.
एक पाऊल मागे, दोन, आणि...
धडाम्! कारंजं! कोबीही भिजला!
शेजारच्या वाफ्यात मिसेस ग्रीनवुड
नखशिखांत न्हाल्या, तरी ओरडल्या,
"अगं, इकडे मार! अजून इकडे!"
आणि छत्री मिटून उभ्या राहिल्या.
(छत्री कशाला? टॉडमर्डनची माणसं
उन्हातही छत्री घेऊनच निघतात.)

तेवढ्यात आले पाणीखात्याचे
मिस्टर क्रॅबट्री, काखेत वही.
"नळी कुठेय? नळी!" वाकून पाहिलं
बाकाखाली, कुंडीखालीही.
"नळी नाही हो," मी म्हटलं, "पाय आहे."
त्यांनी नियम वाचला. तळटीप वाचली.
पान उलटं धरून पुन्हा वाचला.
पायाचं नाव कुठेच नव्हतं.
वही मिटली. घसा खाकरला.
मग अगदी हळू आवाजात:
"माझे टोमॅटो... तसे वाटेवरच आहेत."

आणि लीक? आली. दुसरीच आली!
पहिली आली मिसेस ग्रीनवुडची.
फवारा जास्त तिकडे पडला होता.
सर अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

काल रात्री मी अंगणात गेलो.
कोणी नव्हतं. चष्मा लावला.
लाथ मारली. जमीन कोरडी.
दगड निघाला. अंगठा सुजला.

बसलो धरून. ताईने पाहिलं,
गोठल्या वाटाण्यांचं पुडकं आणलं,
माझ्या गालावर बोट फिरवून म्हणाली,
"हे बघ, काढलंस की पाणी! मी नव्हतं म्हटलं?"